काचेतले भाऊबंद

अक्कांनी दारातच पाय थांबवला, पदराचा बोळा नाकाला लावला आणि म्हणाल्या, "भाईदास, तुना घरमा कसाना वास यी राहिना रे?"

वास कसलाच येत नव्हता. अक्कांच्या डोळ्यांना आधी दिसलं आणि मग नाकाला वास आला, एवढंच. समोरच्या भिंतीला लोखंडी घोडीवर लांबलचक काचेची पेटी होती. पेटीत पाणी, पाण्यात हिरवंगार गवत डुलतंय आणि गवतातून मासे फिरतायत.

"मासा शेतस, अक्का. शोभाना," भाईदास म्हणाला. अक्कांसमोर त्याची भाषा आपोआप गावाकडे जायची.

"शोभाना मासा? आन् आठे कानबाई बठाडानी शे? सरावनमा लोके कांदा-लसून खात नहीत, आन् तू घरमा मच्छीबाजार मांडी बठेल शे!"

अक्का म्हणजे धुरपदाबाई, भाईदासच्या काकू. भाऊबंदकीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस. भाईदासची आई तो रांगत असतानाच गेली. त्याला चालायला, बोलायला आणि वेळेला मार खायला अक्कांनीच शिकवलं. असल्या बाईला नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते तोंडही त्यांनीच घास भरवून वाढवलेलं.

श्रावणातल्या एका रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळ, नारळाला नथ, डोळे, साडी. रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेणं, आणि परत आल्यावर रोटांचं जेवण. या भाऊबंदकीचं नारळ पिढीजात. ते पाण्यात बुडवून परत घरी आणायचं, आणि वर्षभर अक्कांनी सांभाळायचं. दरवर्षी देवी पारोळ्याजवळच्या गावी, चुलतभाऊ नथ्थूच्या घरी बसायची. या पावसाळ्यात नथ्थूच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं छप्पर, खचलं, म्हणून देवी जळगावला भाईदासकडे आली. एस.टी.नं आली. अक्कांच्या मांडीवर बसून, बिनतिकिटाची.

ती गाडी फलाटावर लागल्याची घोषणा भाईदासनंच केली होती, कारण भाईदास जळगावच्या स्टँडवर कंट्रोलर होता. ज्यांनी ही नोकरी जवळून पाहिली नाही त्यांनी सुखात राहावं. गाडी बोदवडजवळ पंक्चर झाली तर शिवी भाईदासला. ड्रायव्हर चहाला बसला तर शिवी भाईदासला. माणूस खिडकीत डोकं घालून विचारणार, "चोपडा गाडी कधी लागेल?" आणि चोपडा गाडी त्याच्या पाठीमागे उभी राहून धूर सोडत असणार. पाटी वाचायची नाही, घोषणा ऐकायची नाही, आणि गाडी सुटली की कंट्रोलरची आई काढायची, असला हा सुशिक्षित जिल्हा. भाईदास दिवसभर लाउडस्पीकरमधून बोलायचा आणि दिवसभर त्याचं कुणी ऐकायचं नाही.

एकदा पुण्याच्या गाडीत कुणीतरी माशांची पिशवी विसरून गेलं. बेवारस सामानाच्या खोलीत छत्र्या, डबे, एक हार्मोनियमसुद्धा होता. जिवंत मासे कुठे ठेवायचे हे खात्याला ठाऊक नव्हतं. भाईदासनं पिशवी घरी आणली. न्यायला कुणी आलं नाही. मग मेहरूण तलावाच्या तळाची काळी माती आणली, तिच्यावर गिरणेची धुतलेली वाळू पसरली, तलावातलंच लांब पात्यांचं गवत लावलं. ड्रायव्हर मंडळींनी कुणी नाशिकहून, कुणी सुरतेहून वेगवेगळी रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिली. हवेच्या पंपाला नळी पाहिजे होती, ती ठिबक सिंचनाची लावली. ठिबकच्या कारखान्यांच्या या गावात ती पानटपरीवरसुद्धा मिळेल.

आणि मग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पानापानावर मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरायला लागले. एक सुटला की दुसरा. भाईदास कामावरून यायचा, पाय धुवायचा आणि पेटीसमोर खुर्ची टाकून तोंड मिटून बसायचा. मासे काही विचारत नाहीत. त्यांना कुठे जायचं नसतं. दिवसभराच्या शिव्या त्या हिरव्या पाण्यात विरघळून जायच्या.

बायकोला, प्रमिलाला, हे काही आवडत नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

"सवत आणली असती तर बरं झालं असतं," ती म्हणायची. "भांडी घासायला तरी हात लागला असता."

पण त्याच पेटीत एक मोठा गोरामी मासा होता. त्याला छातीपासून निघालेल्या दोन लांबच लांब मिशा. प्रमिला त्याला मामंजी म्हणायची, कारण तिच्या सासऱ्यांच्या, कैलासवासी तोताराम यांच्या मिशा हुबेहूब तशाच होत्या. खाणं टाकताना ती चेष्टेनं डोक्यावर पदर घ्यायची. भाईदास बघत नसला तर चेष्टेशिवायही घ्यायची.

"अक्का, ही पेटी एक दिवस झाकून ठेवू," भाईदास म्हणाला.

तेवढ्यात मागून रुपचंद आला. अक्कांचा सख्खा मुलगा. धुळ्याला हायवेवर त्याची परमिट रूम होती आणि आता तिला जोडून वातानुकूलित हॉल काढत होता. माणसांनी प्यावं म्हणून गारवा, आणि पिऊन झाल्यावर घरच्यांनी भोगावं म्हणून बाहेर ऊन! या हॉलच्या भिंतीत त्यानं एक खोबण ठेवली होती, बरोबर भाईदासच्या पेटीच्या मापाची. पेटी त्यानं आधीही मागितली होती आणि भाईदासनं नाही म्हटलं होतं. आता आईच हाताशी आली.

"माय, तू काळजी नको करू," रुपचंद गोड आवाजात म्हणाला. "सोमवारना रोट व्हयनात का मी पेटी लई जासू धुळाले. टेम्पो आनेल शे. पुढला गुरुवारले हॉलना सत्यनारायण शे, तव्हय कामले यी."

"लई जा बाबा," अक्का म्हणाल्या. "घर तरी सुद्द व्हई."

भाईदासनं प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलानं खांदे उडवले. "जाऊ द्या की. तुम्हीच म्हणता ना, मला काय मोह नाही म्हणून?"

असं भाईदास कधीही म्हटला नव्हता.

रविवारी सकाळी पेटी झाकली. घरात तेवढी मोठी चादर एकच होती, लाल, जरीच्या काठाची, प्रमिलाच्या लग्नातली. चौरंग मांडायला पूर्वेकडे तोंड करून जागा उरली ती नेमकी पेटीच्या शेजारी. तिथे केळीचे खांब बांधले, नारळाला नथ घातली, कानबाई बसली. आणि तिच्या बाजूला लाल चादरीखाली काहीतरी उंच, चौकोनी. पंप बंद करता येत नव्हता, माशांचा जीव गेला असता. त्यामुळे चादरीतून अखंड आवाज यायचा, बुडबुड, बुडबुड.

पहिल्या आल्या शेजारच्या शेवंताबाई. उघड्या देवीला त्यांनी नमस्कार केला, मग लाल चादरीपुढे थबकल्या.

"प्रमिलाबाई, ह्या झाकलेल्या कोण हो?"

प्रमिला स्वयंपाकघरात गंगाफळाची भाजी फोडणीला टाकत होती. ती तिथूनच ओरडली, "त्यांना उघडायचं नाही! अक्कांनी सांगितलंय!"

झालं. जी देवी सगळ्यांना दिसते तिच्यात ते काय विशेष? जिला उघडायचंच नाही ती खरी कडक! शेवंताबाईंनी चादरीला हळदीकुंकू वाहिलं, कान लावून ऐकलं, आणि डोळे मोठे करून बाहेर गेल्या. थोड्याच वेळात आख्खी गल्ली आली. कानबाईला उभ्या उभ्या हात जोडायचे आणि चादरीपुढे गुडघे टेकायचे. कुणी फुलं, कुणी खडीसाखर, कुणी मुठीमुठीनं कुंकू.

"बोलते हो, बोलते! ऐका!"

"काय म्हणते?"

"ज्याचं त्याला कळतं, बाई."

शेवंताबाई पुन्हा आल्या आणि चादरीच्या कानात, म्हणजे जिथे कान असेल असं त्यांना वाटलं तिथे, आपल्या मुलाला वीज मंडळात चिकटवण्याबद्दल सविस्तर बोलल्या. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पंप थांबला. बुडबुड बंद. शेवंताबाईंचा चेहरा पडला. "रुसली! मंडळाचं नाव काढलं आणि रुसली!" वीज आली, बुडबुड सुरू झाली, आणि देवी परत आली म्हणून बायकांनी एकदम गलका केला, "उनी! माय उनी!"

ज्या गावात वीज येणं हाच चमत्कार, तिथे देवीनं वेगळं काय करायचं?

भाईदासला मात्र घाम फुटला. चादर पातळ होती. पेटीला वरून झाकण नव्हतं, नुसती जाळी होती. कुंकू चादरीतून गळून पाण्यात जाणार. बाजारचं कुंकू कशाचं बनवतात ते बनवणाऱ्यालाच माहीत. माणसाच्या कपाळाची आग होते, तिथे माशाच्या कल्ल्यांचं काय? त्यानं हात आडवे केले, विनवण्या केल्या. कुणी ऐकेना. शेवटी त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि घरात प्रथमच स्टँडवरचा आवाज काढला.

"चादरीवर कुंकू टाकू नये! दर्शनाला येणाऱ्या भगिनींनी डाव्या बाजूच्या चौरंगावर जावं! मधे उभं राहू नये!"

बायका आपोआप रांगेत लागल्या. एकीनं तर विचारलं, "प्रसाद किती वाजता लागेल?"

प्रमिलानं दारातून हे पाहिलं. नवऱ्याचा घसा बसलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, हात आडवे, डोळे सारखे चादरीकडे. सुटीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, माणूस ड्यूटीवर उभा. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर ओट्यावर गेली. तिथे रुपचंद आणि नथ्थू बसले होते.

"त्यातलं गवत-बिवत सगळं फेकून देणार," रुपचंद सांगत होता. "तळाला लाल-निळे दगड, मधे प्लॅस्टिकची जलपरी. लाइट मारला की गिऱ्हाईक खूश."

"आन् मासा?" नथ्थूनं विचारलं.

"बारके ऱ्हातील. तो मोठा मिशावाला शे ना, तो काय शोभाना नही. पह्यल्या दिवशी तळीसन चकना."

दोघे खो खो हसले. प्रमिलानं ट्रे खाली ठेवला. जरा जोरात ठेवला. रुपचंदच्या पांढऱ्या पॅंटवर चहा सांडला, तशी ती "अगं बाई, माफ करा भाऊजी," म्हणाली आणि आत निघून गेली. पुसायला फडकं काही आणलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. ढोलकी, बायकांच्या फुगड्या, डोक्यावर चौरंग, सगळी भाऊबंदकी मेहरूण तलावावर गेली. भाईदासही गेला, पण तलावाकडे पाहून त्याला भडभडून आलं. याच काठावरून त्यानं गवत नेलं होतं. आता ते गवत हायवेवर दारुड्यांसमोर डुलणार. "देवी गेली का सर्वांस्लेच वाईट वाटस रे," अक्का त्याची पाठ थोपटत म्हणाल्या. देवी तर त्यांच्याच पिशवीत परत येत होती.

दुपारी रोटांची पंगत बसली.

इथे रोटांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या भाऊबंदकीत घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते वेगळे दळायचे आणि त्याचे रोट करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. जावयाला नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. ज्यानं रोट खाल्ला तो कुळातला, आणि जो कुळातला नाही त्यानं रोटाला शिवायचं नाही. कण सांडायचा नाही. ताटं आणि हात एका घंगाळात धुवायचे आणि ते उष्टं पाणी, कणांसकट, झाडाच्या बुंध्याशी मातीत ओतायचं. त्याच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये.

आता ही भाऊबंदकी म्हणजे कोण? वावराचा बांध रात्रीतून कोरणारे, एकमेकांवर कोर्टात दावे लावणारे, लग्नाच्या पत्रिकेत नाव वर की खाली यावरून जेवणावर बहिष्कार टाकणारे. रोटाच्या दिवशी तेवढे मांडीला मांडी लावून बसतात आणि संध्याकाळी बाहेर पडताना चपला बदलून नेतात. पण नियम म्हणजे नियम.

जेवणं झाली. रुपचंदनं टेम्पो गल्लीत घेतला, आणि भाईदास स्वतःच्याच पेटीला न्यायला आलेला टेम्पो स्वतःच मागे घेऊ लागला. सवयीपुढे इलाज नसतो. "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, बास!" त्याच्या आवाजात पाणी होतं, पण टेम्पो सरळ लागला.

आत नथ्थू घंगाळ घेऊन उभा. पितळी घंगाळ, काठोकाठ भरलेलं, जड.

"अक्का, कठे वतू?"

"झाडना खाले."

"झाड कठे शे?"

खरंच, झाड कुठे होतं? अंगणाला फरशी. गल्लीला डांबर. मागे मोरी आणि मोरीच्या पलीकडे दुसऱ्याची मोरी. शहरवाले घर बांधताना आधी माती गाडतात आणि मग कुंडी विकत आणतात. अक्का गॅलरीत जाऊन आल्या.

"प्रमिला, तुनी तुयस कठे शे?"

"गॅलरीत नाही का?" आतून आवाज आला, भांड्यांच्या खडखडाटात. "असेल कुठेतरी. आख्ख्या घरात माती म्हणाल तर ती एक त्या पेटीच्या तळाला. मेहरूणची. झाडंबी त्याच्यातच. पाय तर कुणाचा पडूच शकत नाही."

ती हे कुणालाच उद्देशून बोलली नाही. पण नथ्थूचे हात आता भरून आले होते, आणि हात भरून आले की माणसाला डोकं वापरायची इच्छा उरत नाही. त्यानं चादर ओढली, जाळी सरकवली आणि घंगाळ पेटीत उपडं केलं.

भाईदास दारात आला तो शेवटची धार पडताना.

"अरे! अरे नथ्थू! काय केलंस?"

पाणी गढूळलं. पिवळसर ढग गवतातून खाली उतरला आणि त्या ढगातून रोटाचे पांढरे कण हळूहळू तरंगत आले. क्षणभर सगळं स्थिर. मग गवताच्या आडून मोठा गोरामी निघाला. दोन्ही मिशा पुढे करून त्यानं पहिला कण चाचपला, आणि गट्ट केला. मग दुसरा. मग बारक्या गप्पी माशांची झुंबड उडाली. इतक्या एकदिलानं रोट खाणारी पंगत त्या घराण्यात आजवर बसली नव्हती.

रुपचंद हात चोळत आत आला. "चला, उचला. आधी पानी काढी टाका."

"थांब," अक्का म्हणाल्या.

"काय व्हयनं, माय?"

"त्यास्नी रोट खादा."

"खाऊ दे की! उपाशी व्हतीन."

"रुपचंद, देवना रोट ज्यानी खादा तो भाऊबंद. हाऊ नियम मी नही करेल. मना सासूना सासूनी करेल शे."

सगळे पेटीकडे वळले. फक्त बुडबुड.

"माय, त्या मासा शेतस!"

"मासा व्हतात. आते भाऊबंद शेतस. आन् भाऊबंदले तू दारूना गुत्तामा बठाडशी?"

"मी बी भाऊबंदच शे ना? मी बठस ना तठे रोज!"

"त्यानी लाज माले पुरी नही का? आखो ह्यास्ले कसाले बठाडस?"

रुपचंदनं नथ्थूकडे पाहिलं, साक्षीला. पण नथ्थूच्या मनात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. त्याचं उभं आयुष्य तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं होतं.

"अक्का," तो चाचरत म्हणाला, "भाऊबंद म्हनतस, मंग ह्या वावरमा वाटा मांगतीन का?"

"तुन्यापेक्षा बरा शेतस," अक्का म्हणाल्या. "बांध ते कोरत नहीत!"

हे बोलून त्या पहिल्यांदाच पेटीजवळ गेल्या. चष्मा नाकावर चढवला. गोरामी काचेशी आला, त्यांच्या तोंडासमोर थांबला आणि मिशा हलवत, गंभीरपणे, रोटाचा शेवटचा तुकडा चावू लागला. अक्का एकटक बघत राहिल्या. तोताराम म्हणजे त्यांचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. उभ्या जन्मात अक्कांनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं की त्यांच्यासमोर डोकं उघडं ठेवलं नव्हतं. जेठांना रोट फार आवडायचे. मिशांना कण लागायचे आणि ते तसेच गंभीरपणे चावत बसायचे.

अक्कांचा हात आपोआप वर गेला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, दोन पावलं मागे सरल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "भाईदास, पानी बदल रे. घाण व्हयेल शे. मोठ्ठास्ले त्रास व्हई राहिना."

टेम्पो रिकामा गेला. जाताना तोही भाईदासनंच गल्लीतून काढून दिला, आणि यावेळी त्याचा आवाज असा खणखणीत होता की पलीकडच्या गल्लीतला एक रिक्षावालाही घाबरून मागे सरला.

मंगळवारी अक्का नारळ घेऊन पारोळ्याच्या गाडीत बसल्या. संध्याकाळी भाईदास घरी आला, पाय धुतले, पेटीसमोर खुर्ची टाकली. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं होतं, वाळू पुन्हा पांढरी दिसत होती. हात जोडायला तो सवयीनं गॅलरीत गेला आणि तिथे तुळशीची कुंडी होती. जागच्या जागी. बुंध्याशी ओली माती.

"ही काल कुठे होती?"

"शेवंताबाईंकडे," प्रमिला कणीक तिंबत म्हणाली. "सोमवारी सकाळी, तुम्ही सगळे तलावावर गेलात तेव्हा ठेवली. पाहुण्यांचे पाय लागतात."

"आणि कोरफडीची?"

"तीपण."

"आणि कढीपत्त्याचा डबा?"

"अहो, किती चौकशी करता? स्टँड आहे का हे?"

भाईदास परत येऊन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पण तू तर म्हणत होतीस, सवत."

"सवतच आहे," प्रमिला म्हणाली. "पण मामंजींना तळायची भाषा? माझ्या घरात बसून? माझ्या हातचा चहा पिऊन?" कणकेवर तिनं असा बुक्का मारला की परात फिरली. मग हात पुसून ती बाहेर आली, दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. "जरा सरका तिकडं. मला दिसत नाही."

दोघे बसले. पानांवर बुडबुडे धरत होते. आणि तेवढ्यात प्रमिला पुढे वाकली.

"अहो, ही पोटुशी होती ना, ती बघा."

गप्पी मासळी गवताच्या आडोशाला थरथरत होती आणि तिच्या पोटातून शेवयांच्या तुकड्यांसारखी पिल्लं एकेक करून सुटत होती. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते.

"बाळंत झाली," भाईदास कौतुकानं म्हणाला.

प्रमिलाच्या डोळ्यांत हळूहळू एक चमक आली. "भाऊबंदकीत बाळंतपण झालं. म्हणजे सोयर लागलं की."

"कुणाला?"

"सगळ्यांना. दहा दिवस. सोयरात पूजा चालते का कुठली? सत्यनारायण-बित्यनारायण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संसारात इतकं एकमत त्यांच्यात फार क्वचित झालं होतं.

बुधवारी पहाटेच्या धुळे गाडीच्या ड्रायव्हरजवळ भाईदासनं तोंडी निरोप धाडला: घरात बाळंतपण झालं आहे, गुरुवारची पूजा पुढे ढकल. रुपचंद चिडला, त्यानं कुणाची बाळंतीण म्हणून चौकशी केली, खरं ऐकून आणखी चिडला आणि पारोळा गाडीनं थेट आईकडे गेला. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, सोयर म्हणजे सोयर. छापलेल्या पत्रिका, आणलेला भटजी, बोलावलेले मोठे पुढारी, सगळं दहा दिवस लांबलं. आणि गप्पी मासळीचा स्वभाव रुपचंदला माहीत नव्हता. महिना उलटला की ती पुन्हा बाळंत होते. तिच्याबरोबर तिच्या बहिणी असतात.

त्याच संध्याकाळी पारोळ्याच्या ड्रायव्हरनं अक्कांचा उलटा निरोप आणला. भाईदासनं तो घरी येऊन प्रमिलाला जसाच्या तसा सांगितला.

"पोऱ्या कितला आन् पोरी कितल्या, ते सांगी धाड. पुढला साले त्यास्ना नावना गहू मोजना पडतीन."

प्रमिलानं डोक्यावर पदर घेतला, चष्मा शोधला आणि दोघेही काचेला नाक लावून बसले.

"तो पोऱ्या."

"अहो, ती पोरगी आहे."

"हलू नका रे," भाईदास पिल्लांना म्हणाला, आणि मग त्याला राहवेना. "सर्वांनी कृपया रांगेत उभं राहावं!"

कुणी ऐकलं नाही.